उच्चांक, दम आणि काष्ठा : धावण्याच्या मर्यादेविषयीच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता हे नगर-मनमाड रस्त्यावरील, शिर्डीच्या शेजारचे तालुक्याचे गाव. अशा गावी पहाटेच्या वेळी रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी मुलेमुली दिसतात. कोठे निघाला, असे विचारल्यास ती 'पळायला' असे उत्तर देतात. ज्या परीक्षेसाठी हा खटाटोप चालतो, तिच्या जाहिरातीत मात्र '१६०० मीटर धावणे' असे छापलेले असते. एकाच क्रियेला तोंडी भाषेत एक धातू व छापील भाषेत दुसरा, हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु माणूस किती वेगाने व किती काळ धावू शकतो, या प्रश्नाविषयी मराठीत जे लिहिले व बोलले जाते त्याची चिकित्सा करू लागले, म्हणजे असे अनेक भेद पुढे येतात. त्यांतील काही विचाराला साहाय्य करतात, तर काही विचाराची दिशाभूल करतात.

शरीरशास्त्राचा प्रश्न शरीरशास्त्राने सोडवावा, भाषाभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण काय, अशी शंका येथे घेतली जाईल. तिचे उत्तर असे की, 'मर्यादा' ही शरीरात दिसणारी वस्तू नव्हे. प्रयोगशाळेत प्राणवायू मोजता येतो, जमिनीवर पडणारा दाब मोजता येतो, पावलाचा काळ मोजता येतो. यांपैकी कशाला मर्यादा म्हणावयाचे, हे शब्द ठरवितो. आणि शब्द सैल असला, तर जे शरीराने ठरविलेले नाही तेही शरीराच्या माथी मारले जाते. धावण्याविषयीच्या मराठी लेखनात नेमके हेच घडत आले आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम 'पळणे' आणि 'धावणे' यांचा विचार करू. 'धावणे' हे संस्कृत 'धाव्' धातूपासून आले. 'पळणे' हे 'पलायते' या रूपाशी संबद्ध आहे. म्हणजे पहिल्यात गती आहे, दुसऱ्यात भीतीमुळे आलेली गती आहे. हा मूळचा भेद मराठीच्या रूढ प्रयोगांत अद्याप जिवंत आहे. संकटात कोणी 'धावून' येतो, 'पळून' जातो. भक्त देवाचा 'धावा' करतो. भित्र्या माणसाला 'पळपुटा' म्हणतात. 'धाव'पासून तसा शब्द भाषेने घडविला नाही. 'धावपळ' या सामासिक शब्दात दोन्ही एकत्र आले, परंतु तेथे शर्यतीचा संबंध सुटून नुसती दगदग उरली. छापील मराठीने क्रीडेसाठी 'धावणे' स्वीकारले आणि 'पळणे' मागे टाकले, यामागे ही नैतिक छटा काही अंशी कारणीभूत असावी. तथापि राहात्याची मुले 'पळतात' म्हणून ती भित्री ठरत नाहीत. बोलीत हा शब्द केव्हाच निर्दोष झाला आहे.

येथे एका भ्रमाचा निरास करणे अवश्य आहे. 'पळ' हे जुन्या कालगणनेतील एकक. साठ पळांची एक घटिका, साठ विपळांचे एक पळ. आजच्या मापाने पळ चोवीस सेकंदांचे व विपळ ०.४ सेकंदाचे भरते. ध्वनिसाम्यामुळे 'पळ' आणि 'पळणे' यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण दोहोंची कुळे निराळी आहेत. व्युत्पत्ती बाजूस ठेवली तरी हे एकक प्रस्तुत विषयात उपयोगी पडते. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे उसेन बोल्ट याने शंभर मीटरचे अंतर ९.५८ सेकंदांत, म्हणजे जवळजवळ चोवीस विपळांत कापले. ज्या भाषेने काळाचे इतके सूक्ष्म माप एकेकाळी बाळगले, तिला आज त्या मापाची सवय राहिलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

३

वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर सर्वाधिक आढळणारा शब्द 'उच्चांक' होय. उंच उडी, लांब उडी, गोळाफेक, भालाफेक यांच्या बाबतीत तो निर्दोष आहे. तेथे आकडा जितका मोठा तितकी कामगिरी श्रेष्ठ. धावण्यात मात्र अंतर ठरलेले असते व काळ मोजावयाचा असतो. तेथे श्रेष्ठ कामगिरीचा आकडा सर्वांत लहान असतो. 'शंभर मीटर धावण्याचा उच्चांक' हा प्रयोग शब्दशः घेतला, तर सर्वांत मागे राहिलेल्या धावपटूस लागू पडेल! तपमानाच्या व बाजारभावाच्या बातम्यांत 'नीचांक' शब्द बिनदिक्कत वापरणारी भाषा धावपटूच्या बाबतीत तो वापरण्यास धजत नाही, कारण 'नीच' या पदाची अप्रतिष्ठा तिला जाणवते. प्रतिष्ठेसाठी भाषेने येथे अर्थाचा बळी दिला.

याउलट 'विक्रम' हा शब्द पाहावा. 'वि' या उपसर्गापुढील 'क्रम्' धातूचा अर्थ पाऊल टाकणे असा आहे. विष्णूची तीन पावले 'त्रिविक्रम' या नावात आहेत. पराक्रम हा अर्थ या पावलांतूनच पुढे विकसित झाला. म्हणजे 'विक्रम' हा मुळातच टांगेचा शब्द आहे. आज बोलणाऱ्याच्या मनात ही व्युत्पत्ती नसते, आणि व्युत्पत्तीवरून शब्दाची योग्यता ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दोन शब्द सारखेच रूढ असता, त्यांतील एक खोटे बोलतो व दुसरा बोलत नाही, एवढे निवडीस पुरेसे आहे.

४

'उच्चांका'चा दोष आकड्यापुरता आहे. 'दम' या शब्दाचा प्रश्न अधिक खोल आहे, कारण तो मर्यादेची जागाच सांगू पाहतो. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. संस्कृतात 'दम्' म्हणजे वश करणे, आवरणे. 'शमदम' या जोडशब्दात तो येतो. मराठीत हे दोन प्रवाह असे मिसळले आहेत की 'दम धर' म्हणणाऱ्याने श्वास धरावयास सांगितले की मन आवरावयास सांगितले, हे ठरविणे कठीण जावे. दम लागतो, दम कोंडतो, दम निघत नाही. माणूस दमतो, दमाने घेतो, कोणाला दम देतो. 'दमसास' या शब्दात एकाच अर्थाची दोन पदे शेजारी आली आहेत. 'दमदार' हा शब्द तर क्रीडेतून निघून गायन, वक्तृत्व व पाऊस यांनाही लागू लागला. धाप लागणे, ऊर फुटेपर्यंत पळणे, छाती भरून येणे हे प्रयोगही त्याच बाजूचे. मराठी भाषा धावण्याची मर्यादा छातीत ठेवते, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

दीर्घ अंतराच्या धावण्यापुरती ही समजूत शास्त्राशी जुळते. १९२२ सालचे नोबेल पारितोषिक ऑटो मायरहोफ यांच्यासह मिळविणारे इंग्रज शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात धावणाऱ्या माणसाच्या प्राणवायूचे मापन केले. वेग वाढवीत नेल्यास प्राणवायूचे सेवन एका पातळीपर्यंत वाढते व तेथे स्थिर होते, असे त्यांच्या कार्यातून पुढे आले. सामान्य निरोगी तरुणात ही कमाल दर किलोग्रॅम वजनास मिनिटाला चाळीस ते पन्नास मिलिलिटरच्या आसपास असते. उत्कृष्ट दीर्घपल्ल्याच्या धावपटूंत ती सत्तर ते पंच्याऐंशीपर्यंत जाते. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. त्या कमालीचा किती भाग दीर्घकाळ वापरता येतो आणि ठराविक वेगासाठी किती प्राणवायू खर्च होतो, या आणखी दोन गोष्टी तितक्याच निर्णायक आहेत. सारखी छाती असलेल्या दोन धावपटूंपैकी ज्याचे पाऊल काटकसरीचे, तो पुढे जातो. 'दमाने घे' या बोलीतील उपदेशात ही काटकसर अभिप्रेत आहे. दम असणे आणि दम पुरविणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे भाषेला ठाऊक आहे.

शंभर मीटरच्या बाबतीत मात्र 'दम' हा शब्द सर्वथा निरुपयोगी ठरतो. ही शर्यत इतकी अल्पकाळ चालते की तिची ऊर्जा प्रायः स्नायूंत आधीच साठविलेल्या द्रव्यांतून येते. श्वासाने आणलेल्या प्राणवायूचा तिच्यात फारसा वाटा नसतो. मग येथे वेग कशाने अडतो? पाय भराभर उचलता न आल्याने, असे सामान्यतः समजले जाते. २००० साली पीटर वेयँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांनी हा समज बदलला. पाय हवेतून पुढे आणण्यास वेगवान व मंद धावपटू जवळजवळ सारखाच काळ घेतात. फरक पडतो तो जमिनीवर दिल्या जाणाऱ्या दाबात. वेग वाढतो तसा पाय जमिनीवर टेकण्याचा काळ आखडत जातो. सर्वोत्कृष्ट धावपटूंत तो एक दशांश सेकंदाहूनही कमी, म्हणजे पाव विपळाहून अल्प असतो. एवढ्या अवधीत शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब स्नायूंनी निर्माण करावयाचा असतो. २०१० सालच्या पुढील संशोधनात असे दिसले की, एका पायावर उड्या मारीत वेगाने जाताना तोच पाय धावण्यातील दाबाहून अधिक दाब देऊ शकतो. अर्थात् ताकद शिल्लक असते. ती वापरावयास अवधी शिल्लक नसतो.

मराठीत 'पळता भुई थोडी होणे' असा वाक्प्रचार आहे. दाणादाण उडाली, पळावयास जमीन पुरेना, असा त्याचा रूढ अर्थ. वेयँड यांचे निष्कर्ष वाचल्यावर या वाक्प्रचाराचे स्मरण न होणे अशक्य आहे, कारण अतिवेगाने धावणाऱ्यास खरोखरच भुई थोडी होते. तिचा सहवास त्याला पुरत नाही. तथापि हा योगायोग आहे. यावरून पूर्वजांना हे शास्त्र अवगत होते, असा निष्कर्ष काढण्याची जी सवय अलीकडे बळावली आहे, ती भाषाशास्त्रास मान्य होण्यासारखी नाही. वाक्प्रचार युद्धातील पळापळीविषयी बोलतो, स्नायूंच्या आकुंचनाविषयी नव्हे. त्यापासून घ्यावयाचे ते एवढेच की, मर्यादा छातीखेरीज अन्यत्रही असू शकते हे सांगण्याची सोय मराठीत आहे. ती वापरली जात नाही.

न वापरल्याने हानी कोणाची होते? महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व १०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर व १०० मीटर धावावे लागते. म्हणजे एकाच उमेदवाराकडून दोन भिन्न क्षमता मागितल्या जातात. पहिल्या अंतरात बहुतांश ऊर्जा प्राणवायूवर चालते, दुसऱ्यात जवळजवळ नाही. 'दम वाढव' या एकाच उपदेशावर दोन्हींची तयारी करणारी मुले रोज रस्त्यावर मैलोगणती पळतात व शंभर मीटरमध्ये गुण गमावतात. दोष मेहनतीचा नसतो. दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव मिळाल्याचा तो परिणाम असतो.

५

आता 'मर्यादा' या मुख्य शब्दाकडे वळावे. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ शेजारी नांदतात. एक, हद्द, दोन, शील, विनय, पायरी ओळखून वागणे. 'मर्यादा ओलांडणे' या प्रयोगात दुसरा अर्थ पहिल्यावर कायम स्वार असतो. ओलांडणारा दोषी ठरतो. 'मानवी शरीराच्या मर्यादा' असे शास्त्रीय लेखनात लिहिले, तरी या नैतिक अर्थाची सावली त्यावर पडल्याशिवाय राहत नाही.

ही सावली सर्वांत गडद पडली ती स्त्रियांच्या धावण्यावर. १९२८ सालच्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. धावपटू स्त्रिया शर्यतीनंतर कोसळल्या, अशी अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली, आणि हे अंतर स्त्रीशरीरास झेपणारे नाही, असे ठरवून ती शर्यत काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० साली रोम येथे. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. त्या वर्षी जोन बेनॉइट हिने ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. २०२३ साली बर्लिन येथे टिग्स्ट असेफा हिने तेच अंतर २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत पुरे केले. एकोणचाळीस वर्षांत तेरा मिनिटांचा हा फरक स्त्रीशरीरात घडलेल्या कोणत्याही बदलाने स्पष्ट होत नाही. १९२८ साली जिला शरीराची मर्यादा म्हटले गेले ती मर्यादा या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाची होती. तेच ८०० मीटर आज राहात्याच्या मुली भरतीसाठी पळतात.

सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची प्राथमिक फेरी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत पुरी करून अंतिम फेरी गाठली व तीत दहावा क्रमांक मिळविला. १९८४ साली पी. टी. उषा यांच्यानंतर धावमार्गावरील ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये २००८ सालापर्यंत नव्हतीच. जी शर्यत अस्तित्वात नाही तीत कोणाचे शरीर कोठे थांबते, हे कसे कळणार? २०२३ साली बुडापेस्ट येथे पारुल चौधरी यांनी ९ मिनिटे १५.३१ सेकंदांची वेळ देऊन बाबर यांचा राष्ट्रीय विक्रम मागे टाकला.

६

पुरुषांच्या याच शर्यतीचा इतिहास प्रस्तुत मुद्दा अधिक स्पष्ट करतो. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे व सात पाण्याच्या उड्या असलेल्या या शर्यतीस मराठीत 'अडथळ्यांची शर्यत' म्हणतात, आणि १०० व ११० मीटरच्या अडथळा शर्यतीसही तेच म्हणतात. एक कसोटी दमाची, दुसरी वेगाची. नावाने मात्र दोन्ही एकच. परिभाषेचा हा आणखी एक हलगर्जीपणा.

गोपाळ सैनी यांनी १९८१ साली टोकियो येथे ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. तो सदतीस वर्षे टिकला. एवढ्या दीर्घ काळात भारतीय शरीराची कुवत इतकीच, असे कोणी म्हटले असते, तर आकड्यांनी त्याला दुजोराच दिला असता. २०१८ साली भुवनेश्वर येथे अविनाश साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद केली. साबळे हे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे. हा तालुका नगर जिल्ह्यास लागूनच आहे. त्यानंतर २०१९ मध्ये दोहा येथे ८:२१.३७, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, २०२२ मध्ये रबात येथे ८:१२.४८ व बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ८:०९.९१, असा हा क्रम आहे. सदतीस वर्षे जो आकडा जागचा हलला नाही, तो सहा वर्षांच्या आत सुमारे एकवीस सेकंदांनी खाली आला. बर्मिंगहॅमला साबळे यांचे सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले. जुन्या मापाने विपळाचा आठवा हिस्सा.

या कामगिरीवरील मराठी लेखनाची एक ठराविक मांडणी झाली आहे. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, घर आणि शाळा यांच्यात सहा किलोमीटरचे अंतर, ते पायी व धावत कापणे; या कष्टांनीच त्याला दम दिला, असे ती मांडणी सांगते. तपशील खरे आहेत. कार्यकारणभाव मात्र तपासला पाहिजे. १९८१ ते २०१८ या सदतीस वर्षांत आष्टी, माण, पाथर्डी या तालुक्यांतील किती मुले शाळेसाठी मैलोगणती चालली असतील? कष्ट तेव्हाही होते, दारिद्र्य तेव्हाही होते. जी गोष्ट सर्व काळ सारखीच होती, ती बदलाचे कारण होऊ शकत नाही. साबळे यांच्या बाबतीत बदलले ते पुढे. ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचीनला राहिले, आणि २०१५ साली, विसाव्या वर्षानंतर, प्रथमच पद्धतशीर धावू लागले. आधी क्रॉसकंट्री, मग स्टीपलचेस. ठराविक आहार, ठराविक विश्रांती, मार्गदर्शन, उंच प्रदेशातील सराव आणि जगातील उत्तम धावपटूंसह शर्यती त्यांना मिळाल्या. गरिबीचे गौरवीकरण करणारे लेखन साबळे यांचा सन्मान करीत आहे, असे वरवर दिसते. वस्तुतः ते जी व्यवस्था इतरांना मिळाली नाही तिच्यावर पांघरूण घालते.

ही मांडणी नवीन नाही. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारी, शेतावर राबणारी मुले पाहिली. शास्त्रीय शिक्षणाचा वा नियमांचा त्यांना गंध नव्हता, हे टाटांनी पुढे नमूद केले. त्यातून १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला, आणि मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी सुमारे दोन तास पन्नास मिनिटांत धावून एकोणिसावा क्रमांक मिळविला. टाटांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे : या मुलांत कमी होती ती शरीराची नव्हे. शंभर वर्षांपूर्वी एका उद्योगपतीला जे दिसले, ते आजच्या लेखनात पुनःपुन्हा हरवते.

दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. मर्यादा केवळ मनात असते, असे सांगणारे व्याख्याते रॉजर बॅनिस्टरचे उदाहरण देतात. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैल अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. दीड महिन्यात जॉन लँडी याने ते ३ मिनिटे ५८ सेकंदांत पुरे केले. म्हणून भिंत मनाची होती, असा युक्तिवाद. परंतु १९४५ सालीच स्वीडनच्या गुंडर हेगने ४ मिनिटे १.४ सेकंदांपर्यंत मजल मारली होती. उरलेले अंतर दोन सेकंदांचेही नव्हते. मैल आणि मिनिट या दोन एककांच्या संयोगाने चार हा पूर्णांक डोळ्यांत भरला, एवढेच. १५०० मीटरच्या शर्यतीत अशी भिंत कोणास दिसली नाही. आणि साबळे यांच्या बाबतीतही हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे की, ८:०९.९१ ही वेळ हेन्री रोनोने १९७८ साली नोंदविलेल्या ८:०५.४ या विश्वविक्रमाच्या मागेच आहे. २०२३ साली लमेचा गिर्माने तो विक्रम ७:५२.११ पर्यंत आणला. मन पालटले म्हणून हे सतरा-अठरा सेकंद वितळणार नाहीत. हृदय, रक्त, स्नायू व कंडरा यांचा हिशेब शेवटी चुकता करावाच लागतो.

७

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : शरीराचा हिशेब आणि समाजाचा हिशेब यांना वेगळी नावे देता येतील काय? मराठीत त्यासाठी निदान तीन शब्द उपलब्ध आहेत.

पहिला 'सीमा'. दसऱ्याचे सीमोल्लंघन मराठी माणसास परिचित आहे. सीमा ओलांडणे हे येथे शुभकार्य आहे. आजवर जेथपर्यंत कोणी पोहोचले, ती सीमा. सैनींचा आकडा ही सीमा होती. ती सदतीस वर्षे कोणी ओलांडली नाही, म्हणून ती अनुल्लंघ्य ठरत नव्हती.

दुसरा 'काष्ठा'. लाकूड या अर्थाच्या 'काष्ठ' शब्दाहून हा भिन्न आहे. वैदिक भाषेत काष्ठा म्हणजे शर्यतीची धावण्याची जागा व तिचे अंतिम टोक. कठोपनिषदात रथाच्या रूपकानंतर थोड्याच अंतरावर तो अंतिम गंतव्य या अर्थी येतो. 'प्रयत्नांची पराकाष्ठा' म्हणताना मराठी माणूस नकळत धावमार्गाच्या शेवटच्या खुणेचा उल्लेख करीत असतो. शरीराच्या घडणीने जे टोक ठरते त्यासाठी हा शब्द योग्य होईल. मायकेल जॉयनर यांनी १९९१ साली प्राणवायूची कमाल, तिचा टिकणारा अंश व पावलाची काटकसर यांच्या सर्वोत्तम मूल्यांवरून मॅरेथॉनची कल्पित वेळ काढली : १ तास ५७ मिनिटे ५८ सेकंद. २०१९ साली व्हिएन्ना येथे किपचोगेने बदलत्या सोबत्यांच्या आडोशाने १:५९:४० ची वेळ दिली, ती विक्रम म्हणून धरली गेली नाही. २०२३ साली शिकागो येथे किप्टमने स्पर्धेत २:००:३५ ची वेळ नोंदविली. व्हिएन्ना आणि शिकागो येथील आकडे सीमेचे आहेत, जॉयनर यांचा आकडा काष्ठेचा. काष्ठा गणिताने काढावयाची असते; तिच्यावर अद्याप कोणी उभा राहिलेला नाही.

तिसरा शब्द 'मर्यादा' हाच. तो टाकून देण्याचे कारण नाही. त्याचा खरा अर्थ त्यास परत द्यावा. माणसांनी घातलेले, व्यवस्थेने लादलेले वा अभावातून आलेले जे बंधन ते मर्यादा. १९२८ चा निर्णय मर्यादा होती. धावमार्गाचा अभाव, अपुरा आहार, प्रशिक्षकाची वानवा, शर्यतच नसणे, या सर्व मर्यादा. सीमा दिसली की ती कोणी आखली असे विचारण्याचे कारण नसते. काष्ठेपुढे विचारून उपयोग नसतो. मर्यादेपुढे मात्र हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे.

फतवा काढून शब्द रूढ होत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. 'उच्चांक' चुकीचा आहे म्हणून तो उद्या नाहीसा होणार नाही, आणि पहाटे रस्त्यावर निघालेला मुलगा 'मी काष्ठेकडे निघालो' असे म्हणणार नाही. त्याने 'पळायला' म्हणावे हेच योग्य. परंतु जे लिहितात, शिकवितात व निवड करतात, त्यांची जबाबदारी निराळी आहे. चाचणीत मागे पडलेल्या मुलीविषयी 'तिची तेवढीच मर्यादा' असा शेरा लिहिला जातो, तेव्हा लिहिणाऱ्यास बहुधा काष्ठा अभिप्रेत असते आणि वस्तुस्थिती बहुधा मर्यादेची असते. पाव विपळात भुईवर दिलेला दाब मोजण्यापर्यंत शास्त्र पोहोचले आहे. त्या मुलीला सपाट मैदान, पुरेसे अन्न व मार्गदर्शन किती वर्षे मिळाले, हे मोजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. ते मोजण्याआधी तिच्या शरीराविषयी केलेले कोणतेही विधान शास्त्रीय म्हणता येणार नाही.